नापासांच्या कारकूनबाई

टेकडीवरच्या शिक्षक महाविद्यालयात परीक्षा विभागाच्या खिडकीमागे झिग्बोर्दी क्पोदो नावाच्या बाई बसत. तिथल्या भाषेत झिग्बोर्दी म्हणजे धीर, सबुरी. बाईंशी ज्यांचा ज्यांचा संबंध आला, त्यांतल्या एकालाही हे नाव त्यांना शोभतं असं कधी वाटलं नाही. अंगानं सुकवलेल्या मासळीसारख्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि जीभ अशी की नवे प्राध्यापक कागद स्वतः न आणता शिपायाच्या हाती पाठवत.

एकतीस वर्षं त्या खिडकीमागे त्यांनी एकच मुख्य काम केलं. जानेवारीत आणि जूनमध्ये निकाल लागला, की ज्यांची चारपैकी सरासरी दीडच्या खाली गेली त्यांची यादी काढायची आणि त्यांना पत्रं पाठवायची. पहिल्यांदा घसरलेल्याला ताकीद, दुसऱ्यांदा प्रोबेशन, तिसऱ्यांदा घरचा रस्ता. तिन्ही पत्रांचे मसुदे तयारच असत, फक्त नाव बदलायचं. तिसऱ्या पत्राचं शेवटचं वाक्य होतं, 'आपण आपल्या कुवतीला साजेसा दुसरा मार्ग शोधावा, आमच्या शुभेच्छा आपल्या पाठीशी आहेत.' बाई म्हणत, "हाकलताना शुभेच्छा देणारी ही एकच जागा मला ठाऊक आहे. खाटीकसुद्धा बोकडाला शुभेच्छा देत नाही."

हे वाक्य त्यांना पाठ होतं त्याला कारण होतं. एकोणीस वर्षांच्या असताना त्या याच कॉलेजात शिकायला आल्या होत्या, आणि विज्ञानात तीनदा आपटून हेच पत्र घेऊन घरी गेल्या होत्या. वडील सुतार. कॉलेजचे बाक तेच करून देत. पत्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी कॉलेजला बारा बाक पोचवले, बाराही डुगडुगणारे. मुलगी गावात टंकलेखन शिकली, आणि पाच वर्षांनी कॉलेजात टंकलेखिकेची जागा निघाली तेव्हा मुलाखतीला जाऊन बसली. समोर तेच उपप्राचार्य होते ज्यांची सही त्या पत्राखाली होती.

"याआधी कधी इथे आला होतात?" त्यांनी विचारलं.

"आले होते एकदा."

"कशी वाटली जागा?"

"बाक चांगले होते," बाई म्हणाल्या आणि नोकरी मिळाली.

तेव्हापासून त्यांनी पाच प्राचार्य पाहिले, आणि कच्च्या मुलांचं काय करायचं याबद्दलची प्रत्येकाची नवी अक्कलही पाहिली. एकानं नावं काचेच्या फलकात लावली, म्हणजे लाजून तरी अभ्यास करतील. मुलं लाजली. अभ्यास होता तिथेच राहिला. दुसऱ्यानं सगळ्या प्रोबेशनवाल्यांना कॉलेजच्या पास्टरच्या ताब्यात देऊन एक दिवस उपवास घडवला. मुलं गणितात कच्ची गेली होती, ती गणितात कच्ची आणि वर भुकेली अशी बाहेर आली. मधे एकदा राजधानीतून, आक्राहून, कोटवाला एक वक्ता आणला होता. त्यानं मुलांना डोळे मिटून स्वतःचं यश बघायला सांगितलं. मागच्या रांगेतला एकजण बघता बघता घोरायला लागला. बाई दाराशी हजेरीचा कागद घेऊन उभ्या होत्या. नंतर त्या म्हणाल्या, "दिवसभरात त्या एकट्या पोराला काहीतरी फायदा झाला."

पाचवे प्राचार्य म्हणजे डॉक्टर अझ्राकू. हसतमुख, देखणे कागद आवडणारा माणूस. तळ्याकाठच्या हॉटेलात चार दिवसांची कार्यशाळा करून ते परत आले ते 'कुणीही मागे नको' नावाची योजना घेऊनच. प्रत्येक कच्च्या विद्यार्थ्याला एक प्राध्यापक पालक म्हणून नेमायचा. पालकानं दर पंधरवड्याला मुलाला भेटायचं, अडचणी विचारायच्या आणि एक गुलाबी फॉर्म भरून परीक्षा विभागात द्यायचा. त्या वर्षी यादीत अडतीस मुलं होती. गणिताचे तोग्बोर सर यांच्या वाट्याला चार आली, त्यांत एकच मुलगी, एन्योनाम आहियाब्ले.

योजना सुरू होऊन तीन आठवडे झाले नसतील, तोच ही एन्योनाम बाईंच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. गावात खोली घेऊन राहायची, त्यामुळे वसतिगृहात तिला कुणी फारसं ओळखत नव्हतं. तिनं ओळखपत्र आणि एक घडी घातलेला कागद आत सरकवला.

"आंटी, मी कॉलेज सोडतेय."

"का? कुणी काढलंय का तुला?"

"अजून नाही. पण काढणारच ना."

"तुझे पालक सर भेटले का तुला? तोग्बोर?"

"दोनदा गेले होते. एकदा म्हणाले, उद्या ये. दुसऱ्यांदा म्हणाले, मेहनत कर."

"मग? केलीस?"

"आंटी, मी पहाटे उठून करते. काय करायची तेच कळत नाही. वर्गात विचारलं तर म्हणतात, हे तर शाळेतच झालं. शाळेत विचारलं तेव्हा म्हणाले होते, पुढे कॉलेजात येईल."

बाईंनी तिला थांब म्हटलं नाही. थांबून काय होतं ते त्यांना ठाऊक होतं. तारीख घातली, तीन फेब्रुवारी. ओळखपत्र कपाटात ठेवलं, अर्ज प्राचार्यांच्या ट्रेमध्ये नेऊन टाकला आणि त्याची एक प्रत तोग्बोर सरांच्या खणात.

दहा दिवसांनी तोग्बोर सरांचे गुलाबी फॉर्म आले. वरचाच होता एन्योनामचा. 'विद्यार्थिनी नियमित भेटते. अडचणींवर मोकळेपणी चर्चा झाली.' बाईंनी चष्मा पुसून परत वाचलं. मग फाइलला लावलं. पुढच्या पंधरवड्याला आलं, 'आत्मविश्वासात वाढ.' त्यापुढे, 'आता डोळ्याला डोळा भिडवून बोलते.' एप्रिलमध्ये एन्योनाम वेळेचं नियोजन शिकली, मे महिन्यात तिच्यात नेतृत्वगुण दिसू लागले. वर्गाची हजेरी वर्गप्रतिनिधी लावायचा आणि तो सगळ्यांपुढे बरोबरची खूण करायचा, त्यामुळे तिथेही ती हजर होती. गेलेली मुलगी इतकी सुधारत होती की बाईंना पंधरवडा कधी संपतो असं व्हायचं. दुपारी केंकीचे आंबट मक्याचे गोळे आणि तळलेला मासा खायला बसल्या की त्या शिपायाला फॉर्म वाचून दाखवत आणि दोघं ठसका लागेपर्यंत हसत.

जूनमध्ये प्रगती समितीची बैठक बसली. लांब टेबल, खिम्याचे पॅटिस, थंड बाटल्या, आणि कोपऱ्यात इतिवृत्त लिहायला झिग्बोर्दीबाई.

"अडतीसपैकी अडतीस विद्यार्थ्यांच्या नियमित भेटी!" डॉक्टर अझ्राकूंनी अहवाल वाचला. "शंभर टक्के!"

सगळ्यांनी टेबल वाजवलं.

"आणि गुण?" पास्टरनं भाबडेपणानं विचारलं.

"एकतीसजण अजून दीडच्या खालीच आहेत," प्राचार्य म्हणाले. "पण बदल आधी मनात होतो, मग गुणपत्रिकेत." बाईंनी हेही लिहून घेतलं. पगारच त्याचा होता.

मग काढून टाकायच्यांची सात नावं आली. चौथं नाव एन्योनाम आहियाब्ले, सगळ्या विषयांत शून्य. तोग्बोर सरांनी घसा साफ केला. मोठ्या पोटाचा, सावकाश बोलणारा माणूस. आवाजात दया दाटून आली होती.

"शून्य दिसतंय खरं. पण नुसत्या गुणांवर जाऊ नका, मी हात जोडतो. मी या मुलीला जवळून पाहिलंय. सुरुवातीला मान वर करत नव्हती. आज तिच्या डोळ्यांत मला चमक दिसते. तिला अजून एक संधी द्या."

"आमेन," पास्टर म्हणाला.

"किती सुंदर!" प्राचार्यांनी मान डोलावली. "मॅडम, हे तसंच्या तसं लिहा."

बाईंनी पेन खाली ठेवलं.

"लिहिते, सर. फक्त चमक कुठे दिसली तेवढं सांगा."

"म्हणजे?"

"मुलगी तीन फेब्रुवारीला कॉलेज सोडून गेली. तिचं ओळखपत्र माझ्या कपाटात आहे. तोग्बोर सर तिला शेवटचे भेटलेत अठ्ठावीस मेला. भेट कुठे झाली ते कळलं की इतिवृत्त पुरं होईल."

टेबलाच्या त्या टोकाला कुणीतरी तोंडातला पॅटिस चावायचं थांबलं.

"नावांत गोंधळ झाला असणार," तोग्बोर सर म्हणाले. "चारजणं आहेत माझ्याकडे."

"त्यांत बाईमाणूस एकच आहे, सर. बाकी तिघांना दाढ्या आहेत."

प्राचार्यांचा चेहरा पडला, पण क्षणभरच. "मॅडम, मला कुणी कळवलं का नाही?"

"कळवलं. अर्ज तुमच्या ट्रेमध्ये आहे. तुम्ही त्यावर कप ठेवता."

यानंतर समितीनं पाऊण तास चर्चा केली आणि दोन ठराव केले. पहिला, गुलाबी फॉर्मवर यापुढे विद्यार्थ्याच्या सहीसाठी एक रकाना असावा. दुसरा, एन्योनाम आहियाब्ले हिला नियमाप्रमाणे काढून टाकल्याचं पत्र पाठवावं, म्हणजे तिची फाइल रीतसर बंद होईल. जी आपल्या पायांनी गेली तिला काढायचं कसं, असं बाईंनी विचारलं. "रीतसर," असं उत्तर मिळालं. तोग्बोर सरांबद्दल ठराव झाला नाही. बैठक संपल्यावर उरलेले पॅटिस मात्र त्यांनीच कागदात बांधून नेले.

पत्र बाईंनी टाइप केलं. पण टपालात टाकलं नाही. शनिवारी स्वतःच्या पिशवीत घालून त्या ट्रोट्रोत, म्हणजे खच्चून भरलेल्या प्रवासी व्हॅनमध्ये, बसल्या आणि क्पांदो गावी उतरल्या. फाइलमध्ये एन्योनामच्या मावशीचा पत्ता होता. मावशीनं हात करून शेजारची पत्र्याची शेड दाखवली. तिथे सहा शिलाई यंत्रं धडधडत होती आणि एन्योनाम जमिनीवर बसून ब्लेडनं एक बाही उसवत होती.

"आंटी! तुम्ही इथे कशा?"

"तुला काढून टाकलंय."

"कुठून?"

"कॉलेजातून."

एन्योनामनं पत्र वाचलं, आणि आधी तिला खरंच समजेना. मग ती हसायला लागली. "नेतृत्वगुण नाही का दिसले माझ्यात?" असं ती म्हणाली असती तर बाईंना बरं वाटलं असतं, पण फॉर्मचं तिला बिचारीला काय माहीत. बाईंनीच सांगितलं. हसू ओसरलं. "म्हणजे त्यांना माझा चेहराही आठवत नव्हता," ती म्हणाली.

यंत्रावरून दुकानाच्या मालकीण, अकोफाबाई, ओरडल्या, "गप्पा मारता मारता हात चालू दे! उसव!"

"इथे तरी जमतंय का?" झिग्बोर्दीबाईंनी विचारलं.

"छे. इथेही ढच आहे मी. ही बाही चौथ्यांदा उसवतेय."

"पाचव्यांदा," अकोफाबाई म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी उलटी लावली होतीस, ती धरली नाहीस तू."

"पाच वेळा! आणि तुम्ही हिला काढून नाही टाकलंत?"

अकोफाबाईंनी यंत्र थांबवून पाहुण्या बाईकडे खुळ्यागत पाहिलं. "काढून कशाला टाकू? कुठे चुकलं ते दाखवलं की उसवते, परत शिवते. शिव्या खाते माझ्या, पण शिवते. काढून टाकलं तर हिला कळणार कसं, बाही उलटी होती ते?"

"मला कॉलेजात माझा पेपर कधी दिसलाच नाही, आंटी," एन्योनाम ब्लेड खाली न ठेवता म्हणाली. "नुसता आकडा यायचा खिडकीतून. अठ्ठावीस. मग एकतीस. आता अठ्ठावीस म्हणजे कुठे चुकलं, सांगा तुम्हीच."

बाईंनी परत येतेस का असं विचारलं, एन्योनाम नाही म्हणाली, इतक्या सरळपणे की पुन्हा विचारायची सोय राहिली नाही. अकोफाबाईंनी आबोलो, म्हणजे वाफवलेली मक्याची गोडसर भाकरी, आणि छोटे तळलेले मासे पुढे केले. बाईंनी ते उभ्याउभ्याच खाल्ले.

परतीच्या वाटेवर ट्रोट्रोच्या खिडकीशी बसून त्यांना स्वतःचाच संताप आला. तो आकडा देणारी खिडकी कुणाची होती? समितीला हसण्यात एकतीस वर्षं गेली होती, आणि उत्तरपत्रिकांच्या खोलीची किल्ली एकतीस वर्षं त्यांच्याच कमरेला होती. आत गठ्ठे लावायचे, तीन वर्षांनी जाळायचे, जाळल्याची नोंद करायची. स्वतः पहिल्यांदा किल्ली हातात घेतली तेव्हा त्यांनी आपले विज्ञानाचे तीन पेपर शोधले होते. त्यांची केव्हाच राख झाली होती. त्यानंतर दुसऱ्या कुणाचा पेपर उघडून बघावा असं त्यांच्या मनातही आलं नव्हतं. तोग्बोर निदान खोटं लिहायचे तरी कष्ट घेत होता.

सोमवारी त्यांनी परीक्षेच्या नियमांचं पुस्तक काढलं. नियम बाविसावा: कोणत्याही विद्यार्थ्यास आपली तपासलेली उत्तरपत्रिका संबंधित प्राध्यापकासमक्ष पाहता येईल. नियम कॉलेजइतकाच जुना होता आणि आजवर एकदाही वापरला गेला नव्हता, कारण तो आहे हे विद्यार्थ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. बाईंनी सूचना टाइप केली. येत्या गुरुवारी दुपारी दोन वाजता सभागृहात उत्तरपत्रिका पाहायला मिळतील, सर्व प्राध्यापकांनी उपस्थित राहावं. चौदा कागदांच्या मधोमध ती घालून प्राचार्यांपुढे ठेवली. डॉक्टर अझ्राकू फोनवर बोलत होते. त्यांनी पंधराही कागदांवर सही केली.

गुरुवारी अडतीसजण येतील असा बाईंचा अंदाज होता. आले शंभरावर. चांगले गुणवालेही आले होते, बघू तरी म्हणून. बाईंनी गठ्ठे सोडले आणि प्राध्यापक आपापल्या टेबलांमागे दात उपटून घ्यायला आल्यासारखे बसले. मग पानं उलटली जाऊ लागली. गणिताच्या गठ्ठ्यात पहिल्या पानावर लाल शाईत एकूण गुण होते. आत उत्तरांवर लाल शाईचा थेंबही नव्हता. पानामागून पान कोरं करकरीत, ना बरोबरची खूण, ना चुकीची.

सेन्यो आझिमा नावाचा एक धिप्पाड मुलगा तोग्बोर सरांसमोर बसला होता. तिसऱ्या पत्राच्या सात नावांतला. त्यानं अगदी अदबीनं विचारलं, "सर, इथे माझं काय चुकलं?"

तोग्बोर सरांनी पान डोळ्यांजवळ नेलं. "पद्धत चुकली."

"कुठली पद्धत, सर?"

सरांनी ओळीवर बोट ठेवून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "नाही... पद्धत बरोबर आहे."

"उत्तर?"

"उत्तरही बरोबर आहे."

"मग याचे गुण कुठे आहेत, सर?"

"पानं चिकटली असतील तपासताना."

"एकाची चिकटली, की सगळ्या गठ्ठ्याची?" मागून बाईंचा आवाज आला.

सगळ्यांवरच अन्याय झाला होता असं नाही. बऱ्याच मुलांचे पेपर खरोखर भिकार होते. सेन्योसकट पाचजणांचे गुण वाढले आणि पाचहीजण पास झाले, बाकीचे नापास ते नापासच. पण त्या नापासांपैकी प्रत्येकानं विचारलं, "माझं काय चुकलं?" आणि प्रत्येकाला काहीतरी सांगावं लागलं. अपूर्णांकाचा भागाकार तोग्बोर सरांनी पहिल्या मुलाला कुरकुरत समजावला, दुसऱ्याला चिडून. चौथ्यापर्यंत त्यांना कळलं की सगळ्यांचं एकाच जागी अडलंय. ते उठले, खडू मागवला आणि फळ्याशी जाऊन एकदमच सगळ्यांना दाखवलं. चांगलं दाखवलं. माणसाला येत होतं, हेच बाईंना जास्त झोंबलं.

पुढच्या आठवड्यात बाईंना प्राचार्यांचं पत्र आलं. सूचनेचे परिणाम पूर्णपणे स्पष्ट न करता ती सहीसाठी का ठेवली, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. बाईंनी तीन मिनिटांत केला. 'आपण सही करण्यापूर्वी वाचता असा माझा समज होता. गैरसमजाबद्दल क्षमस्व.' या पत्राची एक प्रत त्यांच्या फाइलला लागली आणि त्या वर्षीची पगारवाढ हुकली.

पण सूचना मागे घेणं कुणाला जमलं नाही, कारण नियम आहे हे आता मुलांना कळलं होतं. निकाल लागला की मुलं आपणहून खिडकीशी येत आणि विचारत, "आंटी, गुरुवार कधी?" पुढच्या वर्षी डॉक्टर अझ्राकू त्याच हॉटेलातल्या कार्यशाळेला गेले आणि 'उत्तरपत्रिका दर्शन दिन' या आपल्या अभिनव कल्पनेबद्दल बोलून आले. सोबत फोटोही नेले होते. त्यांत फळ्याशी खडू घेऊन उभे असलेले तोग्बोर सर होते.

तोग्बोर सर आता प्रत्येक पानावर लाल शाई वापरतात. विद्यार्थ्यांच्या प्रेमानं नव्हे, भीतीनं. जूनच्या निकालानंतर एकदा ते स्वतः खिडकीशी आले, शिपायाला न पाठवता.

"मॅडम, येत्या गुरुवारी तुम्ही रजेवर आहात ना? कुणीतरी म्हणत होतं."

"नाही, सर," झिग्बोर्दीबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या. "आणि यंदा तुमचे दोन गठ्ठे आहेत. सकाळीच या."